बारा रिकाम्या खुर्च्या

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीमजांगनिमना, म्हणजे टीमच्या प्रमुखांना, मी सहज विचारलं, "उत्तर कोरियातल्या लोकांसाठी तुम्ही दक्षिण कोरियात मानवाधिकार कायदा केला होता ना, त्याचं पुढे काय झालं?" समोर सुंदुबू, म्हणजे मऊ टोफूचं तिखट सूप, उकळत होतं. टीमजांगनिमनी चमचा खाली ठेवला आणि बाकीचे चौघं एकदम आपापल्या वाडग्यात बघायला लागले. आपल्याकडे लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकलेला माणूससुद्धा सरकार पाडून दाखवतो. इथे सोलमध्ये सहा वर्षं झाली, पण चारचौघांत हा विषय काढायचा नसतो हे मी अजून विसरतो.

कायद्याची कथा मात्र विसरण्यासारखी नाही. पहिलं विधेयक 2005 साली आलं. अमेरिकेने असा कायदा 2004 मध्येच केला होता, जपानने 2006 मध्ये केला. ज्यांची भाषा एक आणि आडनावंही तीच, त्या दक्षिण कोरियाच्या संसदेला मात्र मार्च 2016 उजाडला. अकरा वर्षं वाद एकाच मुद्द्यावर. उजवे म्हणायचे, गप्प बसणं म्हणजे अत्याचाराला साथ देणं. इथले डेमोक्रॅटिक पक्षवाले म्हणायचे, यामुळे प्योंगयांग भडकेल, बोलणी तुटतील आणि पैसा फुग्यांतून उत्तरेकडे पत्रकं सोडणाऱ्या संघटनांच्या खिशात जाईल, त्यापेक्षा तांदूळ आणि औषधं पाठवा. अखेर मतदान झालं तेव्हा बाजूने 212, तटस्थ 24, विरोधात शून्य.

एवढ्या एकमताने झालेल्या कायद्यात एक फाउंडेशन स्थापायचं होतं. त्याचे बारा संचालक: दोन एकीकरण मंत्र्यांचे (दोन्ही कोरियांच्या एकीकरणाचं खातं सांभाळणाऱ्या), पाच सत्ताधाऱ्यांचे, पाच विरोधकांचे. ते फाउंडेशन अजून जन्माला आलेलं नाही! डेमोक्रॅटिक पक्ष विरोधात होता तेव्हा त्याने नावं दिली नाहीत, 2017 मध्ये सत्तेत आला तेव्हाही गाडी पुढे सरकली नाही. सोलच्या मापो भागात कार्यालय भाड्याने घेऊन ठेवलं होतं, ते 2018 मध्ये बंद केलं. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचं भाडं भरून झालं! उत्तर कोरियातल्या मानवाधिकारांसाठीच्या राजदूताचं पदही 2017 ते 2022 रिकामंच.

बारा म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं ते मला कळलं. आपले राज्यपालनियुक्त बारा आमदार. यादी नोव्हेंबर 2020 मध्ये गेली आणि ऑक्टोबर 2024 पर्यंत एकाचीही नेमणूक नाही. पण आपल्या त्या बारांवाचून कुणाचा जीव टांगणीला लागला नव्हता, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं आणि मला जरा बरं वाटलं.

टीमजांगनिम शेवटी बोलले. लष्करी सेवा त्यांनी सीमेवर केली आहे. "सोलपासून सीमा जेमतेम पन्नास किलोमीटर. वॉशिंग्टनला कायदा करणं सोपं आहे, गोळा पडला तर आमच्या डोक्यावर पडतो. शेजारी निवडता येत नाही." मग अगदी अदबीने त्यांनी विचारलं, "म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा तुम्ही संयुक्त राष्ट्रांत काय केलंत?"

जून 2021 च्या त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता. मी लगेच सरसावून बसलो. सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा, ईशान्येतले बंडखोर, आणि मिझोरामने हजारो निर्वासितांना आसरा दिला तो का दिसत नाही, "शेजारी काही आपल्याला…" इथपर्यंत आल्यावर कळलं की वाक्य त्यांचंच आहे. मी पाणी प्यायलो.

संध्याकाळी कचऱ्यापाशी आमच्या इमारतीच्या मालकीणबाई, हल्मोनी (म्हणजे आजी), भेटल्या. त्या मूळच्या उत्तर कोरियातल्या ह्वांगहे प्रांताच्या. कोरियन युद्धात लहानपणी आईच्या पाठीवर बांधून दक्षिणेला आल्या, थोरला भाऊ तिकडेच राहिला. ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या यादीत 1,30,000 हून जास्त नावं नोंदली गेली, त्यातले बहुतेक आता हयात नाहीत. भेटीसाठी नावं कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढायचा. शेवटच्या भेटी ऑगस्ट 2018 मध्ये झाल्या, त्यातही हल्मोनींचं नाव निघालं नाही. मी दुपारचा वाद सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"त्या कायद्यात पत्र पाठवायचं काही आहे का?"

मला तरी तसं काही वाचल्याचं आठवत नव्हतं. नाही म्हणालो.

"हं," म्हणाल्या, आणि माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिचं लेबल सोलायला लागल्या. ते न काढता टाकलेलं त्यांना खपत नाही.