म्युटेटर जिवाणूंना फायदा नेमका कुठून मिळतो?

ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे ४६ लाख अक्षरं असतात. पेशी दुभंगताना ती सगळी नव्यानं उतरवली जातात, आणि तरीही साधारण हजार विभाजनांत एखादंच अक्षर कायमचं चुकतं; अशा चुकीला म्युटेशन म्हणतात. ही अचूकता अक्षरं उतरवणाऱ्या एकट्या पॉलिमरेज या प्रथिनाची नाही. त्याच्या हातून निसटलेली चूक म्युटएस हे प्रथिन हेरतं, म्युटएल त्याला येऊन मिळतं आणि म्युटएच नव्या धाग्याला छेद देतं. नवा धागा कोणता हे त्याला कळतं, कारण त्यावरच्या जीएटीसी या क्रमावर मिथाइलची खूण अजून उमटलेली नसते. म्युटएस किंवा म्युटएलचं जनुक बिघडलं की म्युटेशनचा दर शंभरपटीच्या आसपास जातो. अशा जिवाणूला म्युटेटर म्हणतात.

दर शंभरपट झाला म्हणजे उत्क्रांतीही शंभरपट वेगानं होते, असं मात्र नाही. उत्क्रांती अभ्यासक रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी ई. कोलायवर सुरू केलेल्या प्रयोगाचे आकडे पाहा. १२ फ्लास्क, प्रत्येकात स्वतंत्र वंश आणि १० मिलिलिटर माध्यम (जिवाणू वाढवायचं द्रव), लिटरला फक्त २५ मिलिग्रॅम ग्लुकोज, तापमान ३७ अंश. रोज शंभरावा भाग नव्या फ्लास्कमध्ये जातो, म्हणजे दिवसाला ६.६ पिढ्या. संध्याकाळी ५० लाख पेशी असतील, तर त्यांच्या वाढीअखेर ५० कोटी होतात. हजारात एक या साध्या दरानंही एका फ्लास्कमध्ये रोज सुमारे ५ लाख नवी म्युटेशनं घडतात. इतक्या मोठ्या गर्दीत उपयोगी म्युटेशनांचा तुटवडा नसतोच. उलट दोन चांगली म्युटेशनं वेगवेगळ्या पेशींत उगवली, तर ती एकमेकींशीच झुंजतात, कारण या प्रयोगातल्या पेशींत जनुकांची देवाणघेवाण होत नाही. म्हणून म्युटेटरची आघाडी बेताचीच राहते. लोकसंख्या लहान असेल किंवा परिस्थिती अगदी नवी असेल, तिथे ती ठळक दिसते.

तरीही लेन्स्कींच्या १२ पैकी ६ वंशांत ५० हजार पिढ्यांपर्यंत म्युटेटर वरचढ झाले होते. हे कसं? माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथे आहे. बिघडलेलं म्युटएल स्वतः पेशीला काहीच देत नाही. पण त्याच पेशीत एखादं फायद्याचं म्युटेशन घडलं, तर ते आणि बिघडलेलं जनुक एकाच गुणसूत्रावर अडकलेले असतात, आणि विजेत्याच्या पाठीवर बसून बिघाडही सगळीकडे पोचतो. निवड होते ती त्या फायद्याची, चुका करण्याच्या सवयीची नव्हे. त्यामुळे म्युटेटर सुरुवातीला फारच विरळ असतील तर ते सहसा हरतात: भाग्यवान म्युटेशन आधी बहुसंख्यांच्या पदरी पडतं.

किंमतही चुकवावी लागते. सध्याच्या परिस्थितीत न लागणारी जनुकं एकेक करून मोडत जातात, आणि परिस्थिती बदलली की ती उणीव भासते. म्हणून जुळवून घेणं एकदा पुरेसं झालं की दर खाली आणणाऱ्या बदलांना भाव येतो. लेन्स्कींच्या एका वंशात सुमारे २६ हजार पिढ्यांनंतर म्युटटी हे चुका टाळणारं आणखी एक जनुक बिघडलं आणि दर प्रचंड वाढला. पुढे त्याच वंशाच्या दोन शाखांत म्युटवाय या दुरुस्तीच्या दुसऱ्या जनुकात स्वतंत्रपणे बदल झाले, आणि दर पुन्हा बराच उतरला.

दर मोजायचा कसा? १९४३ सालची लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांची पद्धत आजही वापरतात: एखाद्या औषधाला न जुमानणाऱ्या (प्रतिरोधक) पेशी म्युटेशननं किती वेळा उपजल्या, यावरून दर काढायचा. ३० लहान नळ्यांत प्रत्येकी १०० मायक्रोलिटर माध्यम घ्या आणि प्रत्येकीत काहीशेच पेशी सोडा. जास्त सोडल्या तर आधीच प्रतिरोधक असलेली पेशी आत शिरते आणि सगळा हिशेब बिघडतो. रात्रभर वाढवून तीनचार नळ्या एकूण पेशी मोजायला बाजूला काढा, बाकीच्या प्रत्येकीतलं सगळं द्रव मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक असलेल्या वेगवेगळ्या प्लेटवर पसरवा; तिथे प्रतिरोधक पेशींच्याच वसाहती उगवतात. प्लेट बनवताना औषध आगर (प्लेटमधला जेलीसारखा थर) सुमारे ५० अंशांपर्यंत निवल्यावर घालायचं आणि प्लेटी अंधारात ठेवायच्या, कारण रिफॅम्पिसिन उजेडात खराब होतं. प्लेटी ओल्या असतील तर आधी वाळवा, नाहीतर वसाहती एकमेकींत मिसळतात. मोजणी सगळ्यांची एकाच वेळी करा; उशिरा उगवणाऱ्या वसाहतींतल्या काही प्लेटवर आल्यानंतर घडलेल्या म्युटेशनच्या असतात.

समजा २७ पैकी १० प्लेटी कोऱ्या राहिल्या. १० भागिले २७ म्हणजे ०.३७, त्याचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह बदललं की १ येतो, म्हणजे नळीमागे सरासरी एक म्युटेशन. नळीत २० कोटी पेशी असतील तर दर २० कोटींत एक. इथे वसाहतींची साधी सरासरी कधीही वापरू नये. एखाद्या नळीत म्युटेशन लवकर घडलं तर तिथे शेकडो वसाहती उगवतात आणि सरासरी फुगते.

म्युटेटरच्या बाबतीत एकही प्लेट कोरी राहत नाही. मग नळीचा दहावा भाग पसरवतात आणि वसाहतींच्या वाटणीवरून महत्तम संभाव्यता या संख्याशास्त्रीय पद्धतीनं म्युटेशनांचा अंदाज काढतात. त्या अंदाजाला सरळ १० नं गुणणं ही नेहमीची चूक आहे. योग्य गुणक सुमारे ३.९ आहे.

दवाखान्यातही याला महत्त्व आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या अभ्यासात सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या ३० रुग्णांपैकी ११ जणांच्या फुफ्फुसांत स्यूडोमोनास या जिवाणूचे म्युटेटर आढळले. हा आजार नसलेल्या ७५ रुग्णांत एकही नाही. वर्षानुवर्षं तोच संसर्ग आणि औषधांचा सततचा मारा, यात फायद्याच्या म्युटेशनांना वारंवार संधी मिळते. अशा जिवाणूची चाचणी करताना जिवाणू पसरलेल्या प्लेटवर ठेवलेल्या अनेक अँटिबायोटिक चकत्यांभोवतीच्या स्वच्छ वर्तुळांत तुरळक वसाहती दिसतात. त्यांना अशुद्धी समजून दुर्लक्ष करू नये. आधी त्याच जिवाणूच्या आहेत का ते तपासावं. तशा असतील तर एकाच औषधावर विसंबणं धोक्याचं आहे, कारण त्या औषधाला न जुमानणारी पेशी त्या गर्दीत बहुधा आधीपासूनच हजर असते.