गॅदरिंगमधली मंथरा

डिसेंबर लागला की शाळेत गॅदरिंगच्या तालमी सुरू व्हायच्या. समूहगीतं, कोळीनृत्य, फॅन्सी ड्रेस या गर्दीत मंथरा-कैकेयीचा प्रवेश हमखास असायचा. दोन मुली, एक चौरंग, मागे पडदा. एवढ्याशा सामानात राणीची सत्ता दासीच्या हाती जाताना दिसायची. म्हणून तो प्रवेश अजूनही सगळ्यांत जवळचा वाटतो.

अयोध्याकांडात वाल्मीकींनी त्याची बांधणी करूनच ठेवली आहे. रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आनंदाने मंथरेला दागिना देते. मंथरा तो फेकून देते, तरी राणी तिला हाकलत नाही. पारडं फिरतं ते इथे. दागिना पडल्यावर मनात तीन आकडे मोजायचे, मगच पुढचं वाक्य. मुली घाई करायच्या आणि प्रवेशाचं नुसतं भांडण व्हायचं. (माळ मण्यांची नको. दोरा तुटला की मणी रंगमंचभर, आणि पुढच्या नाचात मुली अनवाणी. कापडी पट्टीवर शिवलेली कंठी बरी.)

मंथरा बिघडते ती आवाजाने. पाठीला उशी बांधून पहिल्या वाक्यापासून किंचाळली, तर तिचं ऐकणारी कैकेयी मूर्ख ठरते. मंथरा स्वतःसाठी काहीच मागत नाही. आधी ती अपमानाची भीती घालते, की कौसल्येपुढे तुला दासीसारखं हात जोडून उभं राहावं लागेल. मग भरताची काळजी. शेवटी उपाय कैकेयीच विचारते. दोन वरांची आठवण त्या प्रश्नानंतरच यावी. आधी आली तर तो हुकूम होतो. हाकही बदलत न्यावी. सुरुवातीला 'राणीसरकार', भीती घालताना 'बाळे', कारण ही दासी माहेरची. त्या वेळी तिला चौरंगामागे, कैकेयीच्या खांद्याशी उभं करायचं. दोघींचे चेहरे प्रेक्षकांना दिसतात, कैकेयीला मात्र मंथरेचा दिसत नाही.

वेळ असला तर कोपभवनही व्हायचं. कैकेयी जमिनीवर, राजा तिच्याशेजारी वाकलेला. ती काय मागणार हे ऐकण्याआधीच दशरथ रामाची शपथ घेतो. शाळेच्या संहितांत हा क्रम पुष्कळदा उलटायचा. वर आधी, शपथ नंतर. मग राजा अडकतच नाही, आणि त्याचं रडणं उगाच वाटतं.

मोठ्या आवाजाच्या मुलीला मंथरा देण्याची पद्धत होती. नाटकाची जाण असलेल्या बाई मात्र समोरचीचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारी मुलगी शोधायच्या.