मोडीला आलेली पुतळी

आमचं दुकान कोल्हापूरला, गुजरीत. मोडीचं सोनं आलं की टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, मीच काढतो. परवा एक आजी आल्या, सोबत सून, तिच्या अंगावर चमचमणारी सिक्वेन्सची साडी. आजींनी सासूबाईंची पुतळ्यांची माळ पुढ्यात ठेवली, नातीच्या लग्नासाठी मोडायची म्हणाल्या.

पुतळ्या मोडीला येतातच. पण यातली एक हातात घेतल्या घेतल्या वेगळी वाटली. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, मशीनवर टंच ९९ च्या वर. भिंग लावलं. बाकीच्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या आणि हिच्यावर रोमन अक्षरं, झिजलेली पण वाचता येणारी. डावीकडे उभा संत, उजवीकडे गुडघे टेकून निशाण धरलेला माणूस, काठीलगत वरून खाली डी, व्ही, एक्स. डुक्स, म्हणजे लॅटिनमधला पुढारी, व्हेनिसच्या बोलीत त्याचाच दोझे झाला, त्यांचा राज्यप्रमुख.

अस्सल व्हेनिसचं नाणं हो! १२८४ ला सुरू झालं आणि १७९७ ला त्यांचं राज्य बुडेपर्यंत चित्र जवळपास तेच राहिलं. मसाल्याच्या व्यापारात हे सोनं आपल्या किनाऱ्याला यायचं, आपल्या लोकांना त्यावर माणसांच्या आकृत्या दिसल्या, झाली पुतळी. मग आपल्याच सोनारांनी तशा घडवल्या.

व्हेनिसवाले त्याला झेकीन म्हणायचे, कारण झेका म्हणजे टांकसाळ, आणि तो शब्द अरबी सिक्का वरून, म्हणजे नाणं पाडायचा ठसा. आपला सिक्काही तिथूनच, फक्त फारसीच्या वाटेने आलेला. सिक्कामोर्तब मधे तर तो अजून ठसाच आहे, नाणं नाही, हे मला फार आवडतं. आणि तोच झेकीन फ्रेंचांकडून इंग्रजीत गेला, सिक्विन झाला, नाण्यासारखी गोल चमकती टिकली.

मी सुनेला म्हटलं, वहिनी, तुमच्या पदरावर आणि आजींच्या माळेत एकच शब्द आहे. ती पदर हातात घेऊन बघतच राहिली. आजी भिंग डोळ्याला लावून बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "ह्यो गुडघ्यावर बसलेला, त्यो राजा व्हय? आमी आपलं देव समजून हळद-कुंकू लावत हुतो की."

खरंच, निशाणाच्या खाचेत जुनं कुंकू होतं. मी ते तसंच ठेवलं, ब्रश लावला नाही. बाकीच्या पुतळ्या मोडीत घेतल्या, ही एक कागदात गुंडाळून आजींच्या हातात परत दिली.