तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना गाळात का उतरवता?

"मॅडम, पोरीला एमएस्सीला घातलंय, आणि तुम्ही तिला रंकाळा तलावाच्या गाळात उतरवताय?" शिरोळ-कागलकडचे पालक भेटले की हे विचारतातच. काळजी रास्त आहे. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय मी कुणालाही पाण्याजवळ जाऊ देत नाही, हे आधी सांगते. पण उतरवते, आणि उतरवत राहणार.

गाळातले बहुतेक सूक्ष्मजीव आपल्या पेट्रीडिशमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या बशीत, वाढतच नाहीत. त्यांची जागा बघितल्याशिवाय त्यांचं जगणं कळत नाही. गाळाच्या वरच्या काही मिलिमीटरमध्येच ऑक्सिजन संपतो. त्याखालचे जिवाणू श्वसनाला नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून सोडतात. नायट्रेट संपलं की सल्फेटची पाळी. केंदाळ कुजलेल्या काठाला सडक्या अंड्यांचा वास येतो ना, तो त्यातूनच होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा. सल्फेटही संपलं की शेवटी मिथेन तयार होतो. पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात येतं आणि मुलांचं पाठही होतं. पाठ झालं की प्रश्न पडायचे थांबतात, मला भीती त्याची वाटते.

म्हणून मी प्रकल्पाचा विषय देत नाही, वही देते. जे जाणवेल ते त्यात लिहायचं.

ऊसकरी घरातली एक विद्यार्थिनी आहे. शेतातल्या युरियाचं नायट्रेट होऊन ओढ्याला जातं, ते गाळात संपतं का, एवढंच तिला बघायचं होतं. तिनं बरण्या लावल्या: काहींत नायट्रेट घातलं, काहींत नाही, काहींत ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक केलेला गाळ आणि नायट्रेट. निर्जंतुक गाळात नायट्रेट तसंच राहिलं, जिवंत गाळात घटलं. हे होणारच होतं. पण वहीत एक ओळ सापडली: "नायट्रेटच्या बरणीला वास नाही." हे नोंदवायला तिला कुणीच सांगितलं नव्हतं! नायट्रेट असेपर्यंत सल्फेटवर जगणारे जिवाणू मागे पडतात, आणि झालेला सल्फाइडही दुसरे काही जिवाणू नायट्रेटच्या जोरावर संपवतात, हे मग तिनं स्वतः शोधून वाचलं.

नायट्रेट संपल्यावर वास कधी परततो, हे ती आता बघतेय. मी एवढंच विचारलं, की तळ्यात पाणी हलतं, बरणीत नाही. मग बरणीतलं उत्तर तळ्याला लावायचं कसं? त्यासाठी ती रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या बाजूनं नव्यानं नमुने घेणार आहे.