एस्प्रेसो मशीन घ्यायचंय आणि पैसे मोजकेच आहेत? मग आधी ग्राइंडरचं बघा

परवा रात्री धाकट्या भावाचा मेसेज आला, चार मशीनचे फोटो आणि खाली एकच ओळ, "ताई यातलं कुठलं घेऊ, पैसे एवढेच आहेत." मी त्याला उलट विचारलं की ग्राइंडरसाठी किती बाजूला काढलेस, तर म्हणाला, "ग्राइंडर कशाला, दळलेली पावडर मिळते की." तीन वर्षांपूर्वी मी पण अगदी हेच म्हटलं होतं. त्याला मग तासभर फोनवर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि प्रत्येक वेळी सुरुवात मशीनच्या नावापासूनच होते.

माझं पहिलं मशीन मी वर्षभर पैसे साठवून घेतलं होतं, सगळेच्या सगळे पैसे त्यातच घातले. मशीन चांगलं होतं, त्याबद्दल आजही काही तक्रार नाही. तयार दळलेल्या कॉफीचं पाकीट आणलं, बास्केट, म्हणजे कॉफी भरायची भोकांची वाटी, भरलं, दाबलं, बटण सुरू केलं आणि नळ सोडल्यासारखं पाणी धो धो खाली आलं. आठ सेकंदात कप भरला. रंग फिकट, चव आंबट आणि पाणचट, वर क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तांबूस फेसाचा थर, त्याच्या नावाने चार बुडबुडे. मग पावडर जास्त घातली, अंगाचा सगळा भार टाकून दाबली, तर अकरा सेकंद. दोन महिने मी मशीनलाच दोष देत होते. शेवटी एका मैत्रिणीने तिचा हाताने फिरवायचा ग्राइंडर आठवड्यासाठी दिला. पहिल्यांदा इतकं बारीक दळलं की पंप नुसता घुरघुरत राहिला, कपात दोन थेंब. तीन क्लिक, म्हणजे जाडी बदलायच्या चकतीच्या तीन पायऱ्या, जाड केलं. आणि मग ते झालं. आधी पाच-सहा सेकंद काहीच नाही, मग बास्केटखाली गडद तपकिरी थेंब जमले, त्यांची एक बारीक धार झाली, मधासारखी संथ, आणि अठ्ठावीस सेकंदात काट्यावर ३६ ग्रॅम दिसले. मशीन तेच, बास्केट तेच, १८ ग्रॅम कॉफी तीच. मी ओट्यापाशी उभी राहूनच तो कप संपवला.

यामागचं कारण एकदा कळलं ना, की सगळी खरेदी सोपी होते. आपण समजतो दाब मशीन तयार करतं. मशीनमधला पंप फक्त पाणी ढकलतो, दाब तयार होतो तो त्या पाण्याला समोरून अडवणारं काहीतरी असतं म्हणून, आणि अडवणारी असते ती दाबून बसवलेली कॉफीची वडी. वडी जाडसर दळलेल्या पावडरची असेल तर पाणी सरळ निघून जातं आणि पंप कितीही ताकदीचा असला तरी दाब काही उभा राहत नाही. म्हणजे अर्धं मशीन तुमच्या ग्राइंडरमध्ये असतं. आणि तयार पावडर चालत नाही ती एवढ्याचसाठी की ती एका ठरावीक जाडीची असते, तुमच्या मशीनला, तुमच्या बास्केटला, आजच्या त्या बीन्सना नेमकी किती बारीक पाहिजे हे पाकीट भरणाऱ्याला माहीत असणं शक्यच नाही. शिवाय दळलेली कॉफी फार पटकन उतरते, वास तर पहिल्या काही दिवसांतच बराच कमी होतो.

खोक्यावरच्या बार, म्हणजे दाब मोजायच्या एककाच्या, आकड्याचं पण हेच. १५ बार, २० बार असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि माणसाला वाटतं २० म्हणजे १५ पेक्षा भारी. एस्प्रेसोला साधारण ९ बार लागतात. घरगुती मशीनमध्ये जो कंपन पावणारा छोटा पंप असतो तो पाणी पूर्ण अडवलं तर जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो तो आकडा खोक्यावर असतो, कॉफी होताना पाणी वाहत असतं तेव्हा दाब त्याच्या खालीच असतो. तो आकडा बघून पैसे जास्त मोजू नका, एवढंच.

हे ९ बार आले कुठून, तर मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यांनी १९०१ मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं ते वाफेच्या जोरावर चालायचं, दाब जेमतेम दीड बारच्या आसपास, त्यावर क्रेमा यायचाच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजिया यांनी स्प्रिंग आणि लिव्हरचं मशीन आणलं, दांडा खाली ओढायचा आणि स्प्रिंग पाण्याला ढकलणार, तेव्हा दाब आठ-नऊच्या घरात गेला आणि कपावर तो तांबूस थर पहिल्यांदा दिसला. १९६१ मध्ये फाएमाच्या ई६१ मध्ये विजेचा पंप आला. मी हा इतिहास मध्येच का आणला, तर आजही बाजारात सगळ्यात स्वस्त जी मशीन "एस्प्रेसो" म्हणून विकतात, काचेचं भांडं खाली आणि वर घट्ट फिरवून लावायचं झाकण, पंपच नाही, त्यांचं काम बेझ्झेराच्याच जुन्या तत्त्वावर चालतं. वाफ पाण्याला ढकलते, बस. ती घेऊ नका. तेवढ्यात मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं, येईल आणि पैसे उरतील, आणि मोका पॉट जे देतो ते प्रामाणिकपणे चांगलं असतं.

आता मशीनकडे येऊ. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा की तुम्ही पिता काय. भावाला विचारलं तर म्हणाला काळी, क्वचित दूध. हे उत्तर असेल तर विजेच्या मशीनची गरजच आहे का ते बघा. फ्लेअर किंवा काफेलाट रोबॉट यांसारखी हाताने दाबायची लिव्हर मशीन असतात, त्यांना पंप नाही, बॉयलर नाही, किटलीत पाणी उकळायचं, ओतायचं आणि दांडे खाली दाबायचे. बिघडायला त्यात काही फारसं नाहीच. तेवढ्याच पैशात विजेचं जे मशीन मिळतं त्यापेक्षा काळ्या कॉफीचा कप हातमशीनवर बहुतेक वेळा चांगला होतो, कारण सगळा पैसा त्या एका कामात गेलेला असतो. अडचण अशी की एकामागून एक चार जणांना कॉफी द्यायची असेल तर हात दुखतात आणि वेळ जातो, आणि हलक्या रोस्टची, म्हणजे कमी भाजलेली, कॉफी असेल तर आधी पाणी ओतायचं भांडं गरम करून घ्यावं लागतं नाहीतर पाणी आतच थंड होतं.

रोज कापुचिनो, लाटे पिणारे असाल तर मात्र दूध फेसाळायला वाफेची नळी हवी आणि मग विजेचंच मशीन. इथे दोन प्रकार. थर्मोब्लॉकवालं मशीन पाणी जाता जाता तापवतं, मिनिटभरात किंवा त्याहून लवकर तयार होतं, सकाळी घाई असणाऱ्यांना हेच बरं. दुसरं छोट्या बॉयलरचं, म्हणजे गाजिया क्लासिक किंवा रान्चिलिओ सिल्व्हिया या जातीचं, जड, धातूचं, चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्यावं लागतं, कॉफी काढली की वाफेसाठी परत तापायची वाट बघायची, आणि साध्या थर्मोस्टॅटमुळे तापमान खालीवर होतं म्हणून दिवा कधी पेटला कधी विझला ते बघून शॉट, म्हणजे एस्प्रेसोचा एक कप काढणं, सुरू करायची सवय लावावी लागते. एवढं सगळं असूनही माझा कल याच्याकडे आहे, कारण ही मशीन उघडता येतात. रबरी गॅस्केट, जाळी, पंप, सगळं सुटं मिळतं आणि स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येतं. दहा वर्षं वापरलेलं पण नीट चालणारं असं मशीन मी स्वतः बघितलंय.

म्हणूनच कमी बजेटमध्ये सेकंडहँड हा खरंच चांगला मार्ग आहे, फक्त बघायला जाताना मशीन आपल्यासमोर गार असताना चालू करायला सांगा. पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवायचा दांड्याचा भाग, लावून बघा, दांडा साधारण समोर येऊन घट्ट बसायला पाहिजे, फारच पुढे जात असेल तर गॅस्केट झिजलंय, ते किरकोळ काम आहे, त्यावर किंमत कमी करून मागा. कॉफी न घालता पाणी सोडा, धार जाळीतून सगळीकडून सारखी येतेय का बघा. वाफ सोडा आणि ती किमान अर्धा मिनिट जोरात टिकते का बघा. आणि पाणी कुठलं वापरलं ते विचारा, जड पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या बॉयलरमध्ये क्षार बसलेले असतात आणि तो खर्च नंतर तुमचा.

मशीन नवं घ्या की जुनं, बास्केट कुठलं आहे ते बघितल्याशिवाय घेऊ नका. स्वस्त मशीनबरोबर बरेचदा दुहेरी तळाचं बास्केट देतात, आतून खूप भोकं पण बाहेर पडायला एकच बारीक छिद्र. अडवायचं काम कॉफी करत नाही, ते छिद्र करतं, म्हणून कुठलीही पावडर घाला, वर फेस येतोच, पण तो फेसच असतो. ज्यांना दळायचंच नाहीये त्यांच्यासाठी ते ठीक आहे, मी त्यात काही वाईट मानत नाही. पण ग्राइंडर घेणार असाल तर एकेरी तळाचं बास्केट त्या मापात मिळतं का हे आधी शोधा. मापं वेगवेगळी असतात, ५१, ५४, ५८ मिलिमीटर अशी. ५८ चं सामान सगळ्यात सहज मिळतं कारण कॅफेतल्या बऱ्याच मशीनचं माप तेच.

ग्राइंडर. पाती फिरणारा, मसाल्याच्या भांड्यासारखा, तो नको, त्यात एकाच वेळी पीठही होतं आणि खडेही राहतात, पाणी मग पिठाला चुकवून खड्यांच्या वाटेने पळतं. बर असलेला हवा, म्हणजे दोन दातेरी भागांच्या मध्ये दळणारा, आणि त्यातही एस्प्रेसोसाठी फार बारीक पायऱ्यांनी जाडी बदलता आली पाहिजे. विजेवरचा असा ग्राइंडर महाग पडतो. हाताने फिरवायचा घेतला तर तेवढीच चांगली दळणी कितीतरी कमी पैशात मिळते, कारण मोटारीचे पैसे वाचतात. घेताना एका क्लिकला बर किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो ते बघा, किंगग्राइंडरच्या के६ मध्ये तो आकडा १६ आहे, अशा ग्राइंडरवर एक क्लिक इकडेतिकडे केलं की शॉटच्या सेकंदांत फरक दिसतो. ज्यात एका क्लिकला मोठी उडी आहे तो फिल्टर कॉफीला छान पण एस्प्रेसोला एक क्लिकवर तुंबतं आणि पुढच्या क्लिकवर वाहून जातं, मधलं काही मिळतच नाही. १८ ग्रॅम दळायला मिनिटभर लागतं, हलक्या रोस्टला जरा जास्त आणि हाताला जोर पण लागतो, हे आधीच सांगते म्हणजे नंतर मला बोलू नका.

पैशांची वाटणी विचाराल तर मी भावाला निम्मे-निम्मे सांगितलं. त्यातही आधी थोडे बाजूला काढायचे, कारण ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतोच, आणि बास्केटच्या मापाचा धातूचा टॅम्पर, म्हणजे पावडर दाबायचा ठोकळा, लागतो, खोक्यातला प्लॅस्टिकचा चमचा त्या कामाचा नाही. पावडरमधल्या गुठळ्या मोडायला बाटलीच्या बुचात चार बारीक सुया खोचून घ्या, त्याला विकतचं साधन नको. आणि बीन्स विसरू नका. दिवसाला दोन शॉट म्हणजे ३६ ग्रॅम, महिन्याला किलोच्या वर, शिवाय प्रत्येक नवीन पाकिटाचे पहिले दोन-तीन शॉट जाडी जुळवण्यात जातात. रोस्टची तारीख छापलेलंच पाकीट घ्या. आठवडाभर जुनं असेल तर उत्तम, अगदी कालचं भाजलेलं असेल तर थोडे दिवस थांबा, आतला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ द्या, नाहीतर नुसता फेस येतो आणि शॉट हातात लागत नाही.

भावाने ऐकलं. हाताचा ग्राइंडर त्याने काल मागवला, तोवर त्याच्याकडचा मोका पॉट आहे आणि ताजं दळून त्यातच फरक कळेल त्याला. चार फोटोंपैकी दोन मशीन आम्ही कटाप केली, एकात पंप नव्हता आणि दुसऱ्याला एकेरी बास्केट कुठेच मिळेना. उरलेल्या दोघांत एक नवं थर्मोब्लॉकवालं आहे आणि एक सहा वर्षं वापरलेलं बॉयलरवालं. ते जुनं बघायला तो शनिवारी जाणार आहे, मी त्याला सांगितलंय की स्वतःचा काटा आणि १८ ग्रॅम कॉफी बरोबर घेऊन जा, आणि वाफ सोडशील तेव्हा मला व्हिडिओ कॉल कर.