तिसऱ्या पाळीतलं मॉक ड्रिल

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झालो. तिथे अमोनिया हा विषारी वायू वापरला जायचा. गेटजवळच्या बोर्डावर आणीबाणीचा आराखडा होता: साइट मेन कंट्रोलर (साऱ्या आवाराची सूत्रं हाती घेणारा) कोण, इन्सिडेंट कंट्रोलर (प्रत्यक्ष घटनेची जागा सांभाळणारा) कोण, प्रथमोपचार कोण करणार, हजेरी कोण घेणार. ती नावं मी हजेरीपटाशी ताडून पाहिली, तर जवळपास सगळी जनरल शिफ्टची. संध्याकाळी कंपनीची बस सुटली की बोर्डावरचं कुणी आवारात उरायचंच नाही! म्हणून प्लांट हेडची परवानगी घेऊन मॉक ड्रिल तिसऱ्या पाळीत, रात्री दोनला ठेवलं.

सायरन वाजला आणि माणसं सवयीने मेन गेटकडे धावली. वारा नेमका गेटकडेच वाहत होता. खरी गळती असती तर वायू त्यांच्या पाठोपाठच आला असता. पाळीचा सुपरवायझर इन्सिडेंट कंट्रोलरला फोन लावत होता, ते घरी झोपलेले. प्रथमोपचार पेटीला कुलूप, किल्ली टाइम ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. अशात ड्रम भरणाऱ्या टोळीतल्या एका कंत्राटी कामगाराने मान वर करून विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पाहिला. "गेटकडं नको रे, वारं तिकडंच हाय! आडवं चला!" असं ओरडत त्याने आपली माणसं मागच्या असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, नेली. वाऱ्याला आडवं जायचं हे त्याला कुणी शिकवलं होतं, देव जाणे. आराखड्यात मात्र त्याचं नाव कुठेच नव्हतं.

सुरक्षा समितीसाठी मी त्याचं नाव सुचवलं. एचआरचं म्हणणं, "तो आपल्या रोलवर नाही." मी तेव्हा लागू असलेला कारखाने अधिनियम, १९४८ समोर ठेवला. त्यातल्या व्याख्येप्रमाणे कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही कामगारच. शिवाय भोपाळनंतर, १९८७च्या दुरुस्तीने आलेलं कलम ४१-जी सांगत होतं की धोकादायक प्रक्रिया असेल तिथे समितीत कामगार आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान हवेत. आमच्याकडे कामगारांच्या जागांवरही पर्यवेक्षकच बसवलेले. बरीच वादावादी झाली, पण प्लांट हेड ठाम राहिले. बोर्डावर पाळीनिहाय जबाबदाऱ्या आल्या आणि प्रत्येक जबाबदारीला एक बदली माणूस.

समितीच्या पहिल्याच बैठकीत तो कंत्राटी कामगार बीए सेटबद्दल, म्हणजे विषारी वायूत श्वास घ्यायच्या हवेच्या सिलिंडर-मास्कबद्दल, म्हणाला, "साहेब, बीए सेट कॉम्प्रेसर रूमच्या आत टांगलाय. गळती तिथंच झाली तर तो आणायला आत जायाचं कुणी?"

त्याच दिवशी सेट दाराबाहेर, वारा येतो त्या बाजूच्या भिंतीवर लागला. दुसरा सेट समोरच्या टोकाला, वारा फिरला तर हाताशी असावा म्हणून.