तुम्ही विचारलेत म्हणून: त्या ऑर्गनविषयी

मी पेटी आणि कीबोर्ड शिकवतो आणि प्रोकोल हॅरम या ब्रिटिश रॉक बँडचे १९६७ सालचे ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ दरवर्षी शिकवायला घेतो. त्यामुळे एक प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की त्याचे उत्तर एकदा लिहूनच ठेवावे असे वाटते. प्रश्न असा: “सर, हे सगळे बाखचेच आहे; मग ऑर्गन वाजवणाऱ्याला गाण्यात वाटा कशाचा मिळाला?”

आधी बाखविषयी, म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या जर्मन संगीतकाराविषयी. त्याच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सुइटमधल्या ‘एअर’ या भागात वर गंधार लांबवून धरलेला आहे आणि खाली बास, म्हणजे सर्वांत खालची स्वरओळ, सा, नी, ध, प असा एकेक पायरी उतरतो. या गाण्यातही वर गंधार थांबतो आणि खाली तोच उतार सुरू होतो. एवढे नाते उघड आहे आणि ते मी नाकारत नाही. मात्र बाख मध्यमावर येताच तीव्र मध्यमाला स्पर्श करून पंचमाकडे वळतो. बँडचा गायक आणि पियानोवादक गॅरी ब्रूकर याचा बास वळत नाही. तो म, ग, रे करत खालच्या षड्जापर्यंत जातो, मग पंचम घेऊन तिथून पुन्हा उतरू लागतो. गाण्यातल्या सी मेजर, ए मायनर, एफ मेजर, डी मायनर या क्रमात शेजारच्या कोणत्याही दोन कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांमध्ये) दोन स्वर सामाईक असतात. त्यामुळे वर बदल जेमतेम जाणवतो आणि खाली मात्र जमीन सतत सरकत राहते. त्या काळच्या सायकेडेलिक गाण्यांना जी तरंगती अवस्था हवी होती, ती इथे स्वरांच्या या मांडणीतूनच येते. ज्यांना ही चोरी वाटते त्यांनी डाव्या हाताने दोन्ही बास वाजवून पाहावेत.

आता ऑर्गन. कॉर्डची ही चौकट ब्रूकरची आणि शब्द कीथ रीडचे. ऑर्गन वाजवणारा मॅथ्यू फिशर नंतर आला आणि हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनवर त्याने या उतारावर स्वतःची सुरावट बसवली. गाणे इंग्लंडमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, पण रचनाकार म्हणून नावे दोघांचीच लागली. फिशर २००५ मध्ये न्यायालयात गेला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला संगीतात ४० टक्के वाटा दिला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने सहरचनाकार हे स्थान कायम ठेवले, पण फार उशीर केला म्हणून पैशाचा हक्क काढून घेतला. ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो परत दिला.

२००६ चा निकाल वाचून मी वर्गात म्हणालो होतो, “अडतीस वर्षे हा गृहस्थ काय करत होता? वाजवण्याचे पैसे घेतले, तिथे विषय संपला.” हे वाक्य मी ठामपणे उच्चारले होते, आणि त्याला कारण होते.

त्याच्या दहा वर्षे आधी मी एका नाटकाला पेटीची साथ करत होतो. संगीतकाराने चार ओळींची चाल दिली. सुरुवातीचा तुकडा मात्र त्याला सुचत नव्हता. तालमी संपल्यावर मी घरी बसून, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून भाता जेमतेम हलवत, आठ-दहा रात्री तो तुकडा घडवला. त्याला तो आवडला. “हेच हवे होते,” असे तो सगळ्यांसमोर म्हणाला. कॅसेट निघाली तेव्हा ‘संगीत’ या शब्दापुढे त्याचे एकट्याचे नाव होते आणि माझे साथीदारांच्या यादीत, तबलेवाल्याच्या खाली. मी काही बोललो नाही. पुढच्या नाटकाचे काम त्याच्याकडूनच येणार होते आणि घरात धाकटीच्या शाळेची फी भरायची होती. मग २००७ मध्ये एका पालकांना फोन लावला आणि पलीकडून कॉलर ट्यून म्हणून माझा तुकडा वाजू लागला. गायकाचा आवाज नव्हता, चालीची एकही ओळ नव्हती. होती ती फक्त माझी पेटी. त्यांनी फोन उचलला आणि मी काहीही न बोलता ठेवून दिला. त्या संध्याकाळचा वर्ग मी रद्द केला.

त्यानंतर वर्गातले ते वाक्य मला पुन्हा उच्चारता आलेले नाही. माणूस अडतीस वर्षे गप्प का राहू शकतो, हे मला निकालपत्राशिवाय कळले.

पण दुसरी बाजूही मीच मांडली पाहिजे. संगीतकाराच्या चालीत स्वर ज्या क्रमाने सरकत होते, त्यानेच माझ्या तुकड्याला वाट दिली. ती चाल नसती तर माझ्या बोटांना तो वळसा सापडला नसता. शिवाय त्यातली सुरुवातीची जागा वडील काकडआरतीला म्हणत त्या एका अभंगातली आहे, आणि ते मला तुकडा बसवतानाही ठाऊक होते. म्हणजे बाखकडून उचलल्याचा जो आरोप तुम्ही फिशरवर करता, तो माझ्यावरही येतो. फिशरला ४० टक्के मिळाले, त्याने मागितले होते निम्मे. माझा आकडा मी किती वेळा मांडून पाहिला आहे. पेटीवर नुसता तुकडा वाजवला की तो निम्म्याच्या वर जातो, आणि त्याच्याखाली ती चाल गुणगुणली की पुन्हा उतरतो.